मंद नाडीचा ईसीजी कसा वाचायचा: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. तासगाव भागात द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या पासष्टीच्या एक मावशी ओपीडीत आल्या. "डोळ्यापुढं अंधारी येतीया, आन् पाय गळल्यागत हुतंय," एवढीच तक्रार. नाडी ४२. ईसीजी काढला, मशीनने वर छापलं: सायनस ब्रॅडिकार्डिया, म्हणजे नुसती मंद चाललेली नाडी. बीपी ठीक होतं, छातीत दुखत नव्हतं, बाहेर रांग होती आणि मी नोकरीत नवा होतो. एक सलाईन लावलं, बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं, दोन दिवस बागेत जाऊ नका म्हणून सांगितलं आणि घरी पाठवलं. चौथ्या दिवशी त्या न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

तीच पहिली पट्टी मी नंतर उजेडात धरून बघितली. प्रत्येक टी वेव्हच्या, म्हणजे ठोक्यानंतर येणाऱ्या लाटेच्या, उतरणीवर एक बारीक उंचवटा होता. सगळ्या ठोक्यांत, अगदी त्याच जागी. ती दुसरी पी वेव्ह होती, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण. वरचे कप्पे मिनिटाला ८४ वेळा हाक देत होते आणि खाली निम्म्याच हाका पोचत होत्या. मशीनने क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या खुणा, मोजले होते, पी मोजल्या नव्हत्या. आणि मी मशीनची ओळ वाचली होती, पट्टी वाचली नव्हती.

प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा छोट्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेले डॉक्टर, इंटर्न, सिस्टर आणि ईसीजी काढणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी हा लेख आहे. हृदयरोगतज्ज्ञ होण्याची गरज नाही. नाडी मंद लागली की कोणाला घरी पाठवायचं, कोणाला ठेवायचं आणि कोणाला ताबडतोब मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात धाडायचं, एवढं कळलं पाहिजे.

पहिली पायरी: आधी माणूस, मग कागद

ईसीजी हातात येण्याआधी मनगटावर बोट ठेवा. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय मंद नाडीत दगा देते, कारण मधेच गळणारा ठोका त्या पंधरा सेकंदांत येईलच असं नाही.

मग पाच गोष्टी बघा. बीपी पडलंय का? भान हरपतंय, गोंधळल्यासारखं बोलतायत का? हातपाय गार आणि अंगाला घाम आहे का? छातीत दुखतंय का? दम लागलाय, फुप्फुसात पाणी वाजतंय का? यांतलं एकही असेल आणि नाडी पन्नासच्या खाली असेल, तर पट्टीचा अभ्यास नंतर. आधी सुई लावा, मॉनिटर जोडा, ऑक्सिजनची पातळी कमी असेल तर ऑक्सिजन द्या, मदतीला माणूस बोलवा आणि हे चालू असतानाच ईसीजी काढा.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा म्हणजे हृदयाचा वेग नव्हे. एकाआड एक जादा ठोका येत असेल, तर तो जादा ठोका इतका दुबळा असतो की बोटापर्यंत पोचतच नाही. ऑक्सिमीटर ३८ दाखवतो, छातीला स्टेथो लावला की ७६ ऐकू येतात. असा पेशंट "ब्रॅडिकार्डिया" म्हणून नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन घेऊन बसलेला मी पाहिला आहे.

दुसरी पायरी: पट्टी नीट काढा

शेतातून आलेल्या माणसाच्या अंगावर घाम असतो, धूळ असते, कधी फवारणीचं औषधही असतं. कातडी पुसून कोरडी करा, मग जेल लावा. पायांना आधार द्या, पंख्याचा वारा थेट अंगावर नको. थरथर असली की पी वेव्ह हरवते, आणि मंद नाडीत सगळा खेळ पी वेव्हचाच असतो.

पट्टीच्या कडेला वेग छापलेला असतो: सेकंदाला २५ मिलिमीटर. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोणाच्या हातून बटण दाबलं जाऊन वेग ५० झाला असेल, तर सगळे ठोके दुप्पट लांब दिसतात. ७६ ची नाडी ३८ वाटते आणि क्यूआरएसही रुंद दिसतो.

लीड वनमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एक दिशा) पी उलटी दिसली तर आधी हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत का ते बघा.

आपल्याकडच्या तीन चॅनेलच्या मशीनवर एका लीडमध्ये जेमतेम दोन-तीन ठोके येतात. नाडी मंद असेल तर एखादाच येतो. एवढ्यावरून लय ठरवता येत नाही. म्हणून मशीन मॅन्युअलवर टाका आणि लीड टूची सलग लांब पट्टी काढा, अर्धा मिनिट ते एक मिनिट. कागद वाया जातो म्हणून कोणी कुरकुर करेल, करू द्या. या कामात कागद वाचवणं महागात पडतं. पट्टीवर नाव, तारीख, वेळ आणि त्या क्षणी पेशंटला काय होत होतं ते पेनने लिहा, आणि लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हा कागद उष्णतेने छापलेला असतो. उन्हात, खिशात, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये तो पुसट होत जातो.

तिसरी पायरी: मोजा

एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, पाच बारीक मिळून एक मोठा, म्हणजे ०.२ सेकंद. ठोके एका तालात असतील तर दोन क्यूआरएसमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्याने भागा. पाच चौकोन म्हणजे ६०, सहा म्हणजे ५०, सात म्हणजे ४३ च्या आसपास. ताल बिघडलेला असेल तर हा हिशेब चालत नाही. तेव्हा पन्नास मोठे चौकोन, म्हणजे दहा सेकंद मोजून घ्या, त्यातले क्यूआरएस मोजा आणि सहाने गुणा.

पुस्तकात ६० च्या खाली ब्रॅडिकार्डिया म्हणतात. प्रत्यक्षात ५० च्या खाली गेल्यावर आणि सोबत त्रास असल्यावर धावपळ करायची असते. सातारा-सांगलीकडे तालमीत घुमणारी आणि सैन्यभरती, पोलीसभरतीसाठी पहाटे धावणारी पोरं भरपूर. मेडिकल सर्टिफिकेटला आलेल्या अशा पोराची नाडी ४६ निघाली तर घाबरून त्याचं वर्ष वाया घालवू नका. त्याला जागेवर वीस-पंचवीस बैठका मारायला लावा आणि पुन्हा ईसीजी काढा. वेग झटकन वर गेला, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे, कधी चक्कर आलेली नाही आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं नाही, तर ते कसदार हृदय आहे. पण धावता धावताच शुद्ध हरपली असं तो सांगत असेल, तर हा सगळा दिलासा मागे घ्या आणि तज्ज्ञाकडे पाठवा.

चौथी पायरी: पी शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एका कोऱ्या कागदाची सरळ कड घ्या आणि पट्टीवर पी वेव्हच्या खाली धरा. दोन लागोपाठच्या, स्पष्ट दिसणाऱ्या पींच्या टोकाशी पेनने खुणा करा. आता तो कागद पुढे सरकवा: पहिली खूण दुसऱ्या पीवर आणा आणि दुसरी खूण कुठे पडते ते बघा. तिथे पी असायला हवी. दिसत नसेल तर ती क्यूआरएसमध्ये किंवा टीमध्ये लपली असेल. इतर टींपेक्षा टोकदार, दुखंडी किंवा कुबड आलेली टी दिसली की तिथे पी आहे असं समजून शोधा. लीड टूमध्ये आणि व्ही वनमध्ये ती सगळ्यात चांगली दिसते. क्यूआरएसआधी दिसणाऱ्या दोन पींच्या बरोबर मध्यावर काय आहे ते तर हमखास बघाच. मावशींच्या पट्टीत मी हेच केलं नव्हतं.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. पी आहेत का? प्रत्येक पीमागे क्यूआरएस आहे का? दोघांमधलं अंतर तेच राहतं की बदलतं? पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचं अंतर, म्हणजे पीआर, तीन ते पाच बारीक चौकोन असावं. आणि क्यूआरएसची रुंदी तीन बारीक चौकोनांच्या आत.

पाचवी पायरी: नाक्यावर काय चाललंय

वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा रस्ता एव्ही नोड नावाच्या नाक्यातून जातो. महामार्गावरचा आनेवाडीचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. पुण्याकडून येणाऱ्या गाड्या म्हणजे पी, नाका ओलांडून साताऱ्यात शिरलेल्या गाड्या म्हणजे क्यूआरएस.

गाड्याच कमी येतायत, पण येणारी प्रत्येक गाडी वेळेत पलीकडे जाते: सायनस ब्रॅडिकार्डिया. इथे नाका निर्दोष आहे, कारण वर शोधा. प्रत्येक गाडी जाते पण नाक्यावर जास्त थांबून, पीआर पाच बारीक चौकोनांहून जास्त: फर्स्ट डिग्री ब्लॉक. याने एकट्याने सहसा काही बिघडत नाही. गोळ्या तपासा आणि नोंद ठेवा.

पीआर दर ठोक्याला लांबत जातो आणि शेवटी एक पी क्यूआरएसशिवाय सुटते. पुढचा पीआर पुन्हा आखूड. ठोक्यांचे घोळके दिसतात, मधे मोकळी जागा. हा वेंकेबाखचा ब्लॉक, म्हणजे मोबिट्झ वन. वेंकेबाखने तो १८९९ मध्ये मांडला, ईसीजी वापरात येण्याआधी, नाडीच्या आलेखांवरून! म्हणूनच मनगटावरच्या त्या एका मिनिटाचा मी एवढा आग्रह धरतो. हा ब्लॉक बहुधा नोडमध्येच असतो आणि व्यायामाने किंवा अ‍ॅट्रोपिनने सुधारतो. झोपेत तरण्याताठ्या पोरांतही दिसतो.

मोबिट्झने १९२४ मध्ये वेगळा काढलेला दुसरा प्रकार मात्र विश्वासघातकी. पीआर अगदी सारखा, सारखा, सारखा, आणि एकाएकी पी एकटी पडते. काही सूचना नाही. क्यूआरएस बहुधा रुंद असतो, कारण दोष नाक्याच्या खाली, पुढच्या रस्त्यावर असतो. असा पेशंट कधीही पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो. आत्ता तो हसत बोलत असला तरी घरी पाठवायचा नाही.

दोनाला एक, म्हणजे दोन पींना एकच क्यूआरएस, असा ब्लॉक असेल तर पीआर लांबतोय की नाही ते कळायला जागाच नसते, कारण लागोपाठचे दोन पीआर मिळत नाहीत. म्हणून लांब पट्टी काढा, कुठेतरी तीनाला दोन असा तुकडा सापडतो आणि उलगडा होतो. नाहीच सापडला तर क्यूआरएसची रुंदी बघा. रुंद असेल तर वाईट गृहीत धरा. मावशींचा क्यूआरएस साडेतीन बारीक चौकोन होता.

पूर्ण ब्लॉकमध्ये नाका बंद. पी आपल्या तालात, समजा ८०, आणि क्यूआरएस आपल्या तालात, समजा ३६. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. काही ठोक्यांत पी योगायोगाने क्यूआरएसच्या अगदी आधी पडते आणि सगळं ठीक वाटतं, पण पुढच्याच ठोक्यात पीआर वेगळा निघतो. कागदाच्या कडेची युक्ती इथे डोळे उघडते. खालच्या भागाने स्वतःहून चालवलेले ठोके अरुंद आणि ४० ते ६० असतील तर थोडा वेळ हाताशी आहे. रुंद आणि २० ते ४० असतील तर फार कमी.

पी दिसतच नसेल तर

ताल पूर्ण बेताल, तळरेषा थरथरती: एट्रियल फिब्रिलेशन (वरचे कप्पे नीट ठोके न देता नुसते थरथरतात), मंद गतीचं. पण तळरेषा थरथरती आणि ठोके मात्र घड्याळासारखे एका तालात असतील तर बरं वाटून घेऊ नका. फिब्रिलेशनवर पूर्ण ब्लॉक बसलाय. नाडी मंद करणारं डिगॉक्सिन चालू आहे का विचारा.

पट्टी नीट चालता चालता मधेच सपाट रेषा, १५ मोठ्या चौकोनांहून जास्त, म्हणजे तीन सेकंदांहून जास्त: सायनस नोड, म्हणजे वरच्या कप्प्यात ठोका सुरू करणारी जागा, थांबतोय. कधी धडधड, कधी अंधारी असं सांगणाऱ्या वयस्कर माणसात हे शोधा. ओपीडीतली पट्टी चांगली आली म्हणून विषय संपत नाही. होल्टर, म्हणजे अंगावर लावून २४ तास ईसीजी टिपणारं यंत्र, लावायला पाठवा.

पी नाही, क्यूआरएस पसरट, टी उंच आणि टोकदार: पोटॅशियम वाढलंय. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही.

आणि एक फसवणारी गोष्ट: वेळेआधी आलेली पी, जिच्यामागे क्यूआरएस आलाच नाही. ती आधीच्या टीत दडते, पुढे मोकळी जागा पडते आणि आपण ब्लॉक म्हणून मोकळे होतो. फरक एवढाच, की ब्लॉकमध्ये पी वेळेवर येते आणि इथे ती लवकर येते. हा प्रकार निरुपद्रवी असतो.

सहावी पायरी: कारण पिशवीत असतं

नातेवाइकांना सांगा, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या. "बीपीची एक गोळी" म्हणतात, पिशवीत तीन निघतात. एका डॉक्टरांचं मेटोप्रोलॉल, दुसऱ्यांचं डिल्टियाझेम, दोन्ही नाडी मंद करणारी, आणि दोघा डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही. काचबिंदूच्या डोळ्यात घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनीही नाडी मंद होते, आणि थेंबांना कोणी औषध म्हणत नाही, म्हणून ते मुद्दाम विचारा. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले की किडनी दमते, पोटॅशियम चढतं, सोबत मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर असेल तर तोही अंगात साचतो आणि नाडी ३५ वर येते. उन्हाळ्यात हे चित्र डोक्यात ठेवा.

लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी, म्हणजे क्यूआरएस आणि टीमधला भाग, उचलला असेल तर हा खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक आहे. एव्ही नोडला रक्त बहुतेकांत उजव्या धमनीतून जातं, म्हणून ब्लॉक. इथे हातून एक चूक सवयीने होते: छातीत दुखतंय म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट. नाडी मंद, बीपी पडलेलं, त्यात उजवा कप्पा सापडलेला असेल तर ती गोळी बीपी तळाला नेते. छातीच्या उजव्या बाजूची व्ही फोर आरची लीड आधी काढा.

आपला भाग बागायतीचा, घराघरात फवारणीचं औषध. मंद नाडी, बारीक बाहुल्या, तोंडाला फेस, घाम आणि कपड्यांना उग्र वास असेल तर ती विषबाधा आहे. तिथे अ‍ॅट्रोपिनचं गणित पूर्ण वेगळं: छातीतली घरघर थांबेपर्यंत वाढत्या मात्रेत. आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बियांतलं विष डिगॉक्सिनच्या जातीचं असतं आणि थेट नाका बंद करतं. आल्या आल्या काढलेली पट्टी चांगली दिसली तरी असा पेशंट पुढे पाठवायचाच, कारण ब्लॉक काही तासांनीही येतो.

थायरॉईड मंद असणं आणि डोक्याला मार लागून मेंदूवर दाब येणं, हीही कारणं लक्षात असू द्या.

सातवी पायरी: हातात असलेलं औषध

त्रास असलेल्या मंद नाडीला अ‍ॅट्रोपिन १ मिलिग्रॅम शिरेतून, एकदम. गरज पडली तर दर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. आपल्याकडचं अँप्यूल बहुधा ०.६ मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे एक अँप्यूल म्हणजे पूर्ण मात्रा नव्हे. ०.५ मिलिग्रॅमहून कमी मात्रेने उलट नाडी आणखी मंद होऊ शकते, म्हणून थोडं थोडं देऊन बघू असं करू नका. सिस्टरांनो, ट्रेमध्ये अँप्यूल किती आहेत ते ड्यूटी घेतानाच मोजा.

रुंद क्यूआरएसच्या ब्लॉकमध्ये अ‍ॅट्रोपिनवर भरवसा ठेवू नका. दोष त्याच्या हाताबाहेर असतो. एखादी मात्रा द्या, पण त्याची वाट बघत बसू नका. अ‍ॅड्रेनालिन मिनिटाला २ ते १० मायक्रोग्रॅम, किंवा डोपामिन दर किलोला मिनिटाला ५ ते २० मायक्रोग्रॅम, आणि डिफिब्रिलेटरवर पेसिंगची, म्हणजे बाहेरून विजेने ठोके देण्याची, सोय असेल तर पॅड लावा. वेग ७० ठेवा आणि करंट हळूहळू वाढवत जा, प्रत्येक काडीमागे (मशीनच्या झटक्याची उभी रेघ) रुंद क्यूआरएस आणि टी दिसेपर्यंत. मग जांघेत हात घालून नाडी लागते का ते बघा. मानेत बघू नका, तिथे स्नायूच उडत असतात. हे पेशंटला दुखतं, म्हणून झोपेचं आणि वेदनेचं औषध द्या आणि त्यांना आधी सांगा.

पोटॅशियमची शंका असेल तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, मॉनिटरकडे बघत सावकाश. पट्टी सुधारली नाही तर पुन्हा.

पुढे पाठवताना

जत, आटपाडी किंवा माण, खटावहून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंतचा रस्ता हा उपचाराचाच भाग आहे. १०८ ला फोन करताना "चक्कर आलेला पेशंट" म्हणू नका. "हार्ट ब्लॉक, नाडी ३६, बीपी ८०, मॉनिटर आणि पेसिंग असलेली गाडी हवी" असं सांगा. जिथे पाठवताय तिथल्या डॉक्टरांशी आधी बोला, लांब पट्टीचा फोटो त्यांना पाठवा आणि मूळ पट्टी पेशंटबरोबर द्या. चिठ्ठीत फक्त निदान नको. पीचा वेग, क्यूआरएसचा वेग, रुंदी, दिलेलं औषध, मात्रा आणि वेळ लिहा.

घरच्यांशी बोलायला दोन मिनिटं काढा. "मशीन बसवायचं", म्हणजे पेसमेकर, म्हटलं की लोक खचतात, शेत विकावं लागेल असं वाटतं. गळ्याच्या हाडाखाली बसणारी छोटी डबी असते, छाती उघडावी लागत नाही, हे सांगा. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्यायला लावा, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला पोचल्या पोचल्या विचारायला सांगा.

मावशींना पेसमेकर बसला, मग खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांची ती पहिली पट्टी मी झेरॉक्स करून ठेवली आहे. नवीन कोणी रुजू झालं की मशीनने छापलेली ओळ अंगठ्याखाली झाकून ती त्यांच्यासमोर धरतो, कोऱ्या कागदाची कड हातात देतो आणि विचारतो, "यात पी किती आहेत?" तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या फायलींतून अशा दहा पट्ट्या काढा आणि ड्यूटीच्या शांत रात्री एकेक मोजा.